थ्रीडी प्रिंटेड बंदूक आणि कायदा: नुसती फाईल जवळ असली तरी गुन्हा होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की थ्रीडी प्रिंटरवर बंदूक बनवणं कायद्यात बसतं का, बसत नसेल तर नुसती तिची फाईल कम्प्युटरवर पडून असली तरी आत जावं लागतं का, आणि सरकारं सरसकट बंदी घालून मोकळी का होत नाहीत. मी शस्त्र कायद्याच्या केसेस बरीच वर्षं चालवतोय, आणि हल्ली प्रिंटिंग सर्व्हिसवाले आणि डिझाइनवाले पण सल्ल्याला येतात, म्हणून जरा लांबण लावतो. कारण या विषयावर जे काही फिरत असतं त्यातलं अर्धंअधिक फक्त अमेरिकेपुरतं खरं असतं आणि लोक ते बिनधास्त सगळ्या जगाला लावतात.

आधी सरळ उत्तर. बहुतेक देशांत लायसन्सशिवाय बंदूक बनवणं हाच गुन्हा आहे, मग ती लेथवर बनवा, भट्टीत लोखंड तापवून ठोका नाहीतर प्रिंटरवर प्लास्टिकचे थर चढवा. त्यासाठी वेगळा थ्रीडी कायदा लागतच नाही. भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे, तेव्हा प्रिंटर कोणाच्या स्वप्नातही नव्हता, पण कलम २ मधली अग्निशस्त्राची व्याख्या वाचा. स्फोटकाच्या किंवा इतर कुठल्याही ऊर्जेच्या जोरावर गोळी वगैरे फेकता यावी म्हणून बनवलेलं किंवा तसं बदलून घेतलेलं कुठल्याही प्रकारचं शस्त्र, एवढंच म्हटलंय, पोलाद की प्लास्टिक हा विषयच नाही. कलम ५ परवान्याशिवाय उत्पादनाला बंदी घालतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान ७ वर्षं ते थेट जन्मठेप आहे. म्हणजे "गंमत म्हणून एक करून बघितली" हे वाक्य कोर्टात फार महाग पडतं.

त्याच व्याख्येत अजून एक मेख आहे जी लोक वाचत नाहीत. अग्निशस्त्रात त्याचे सुटे भाग येतात, आवाज किंवा ज्वाला कमी करणारी उपकरणं येतात, आणि अग्निशस्त्र बनवायची यंत्रसामग्रीही येते. मग घरातला साधा प्रिंटर, ज्याच्यावर मोबाईल स्टँड आणि कुंड्या निघतात, तो यंत्रसामग्री झाला का? माझ्या मते नुसता प्रिंटर नाही होत, तसं म्हटलं तर गावातला प्रत्येक लेथ आणि ड्रिल मशीन शस्त्र ठरेल आणि कायद्याला तसं अभिप्रेत असणं शक्य नाही. पण त्याच प्रिंटरच्या बेडवर अर्धी निघालेली पिस्तुलाची फ्रेम, म्हणजे बाकीचे भाग ज्यात बसतात तो सांगाडा, सापडली तर सरकारी वकील हा मुद्दा काढणारच, मी त्यांच्या जागी असतो तर मीही काढला असता.

बाकी देशांतही हेच. जपानमध्ये २०१४ साली कावासाकीतल्या एका माणसाच्या घरात प्रिंट केलेली पिस्तुलं सापडली, गोळी एकही सापडली नाही, तरी योकोहामाच्या कोर्टाने त्याला २ वर्षांची शिक्षा दिली. ब्रिटनच्या गृहखात्याने २०१३ मध्येच पोलिसांच्या मार्गदर्शिकेत घालून टाकलं की प्रिंट केलेली बंदूक किंवा तिचा भाग १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टखाली इतर बंदुकीसारखाच धरायचा. लंडनमधल्या एका विद्यार्थ्याने कॉलेजच्या फिल्मसाठी प्रॉप बनवत होतो असं आधी सांगून बघितलं, शेवटी गुन्हा कबूल केला आणि २०१९ मध्ये ३ वर्षांसाठी आत गेला. हा प्रॉपचा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

मग एवढा गोंधळ कशाचा? गोंधळ आहे तो पकडायचं कुठे याचा. गेली शंभरेक वर्षं शस्त्र कायदे सगळीकडे एकाच गृहितावर उभे आहेत, की बंदूक कारखान्यात बनते, तिथे नंबर ठोकला जातो, डीलरकडे जाते, तो रजिस्टरमध्ये नोंद करतो, गिऱ्हाईक ओळखपत्र दाखवून घेऊन जातं. उद्या गुन्ह्यात ती सापडली की नंबरावरून उलटं चालत जायचं. संयुक्त राष्ट्रांचा २००१ चा फायरआर्म्स प्रोटोकॉल पण याच पायावर आहे, उत्पादनाच्या वेळी मार्किंग झालंच पाहिजे आणि मार्किंग नसलेलं उत्पादन बेकायदा. प्रिंटर आला की कारखाना, डीलर, रजिस्टर सगळं एका झटक्यात गायब. बनवणं गुन्हाच राहतं, पण गुन्हा झालाय हे कळायची जागाच उरत नाही. घोस्ट गन म्हणतात ती अशी बिननंबरी, माग न लागणारी बंदूक, आणि खरी डोकेदुखी हीच आहे.

लोक मात्र घाबरतात भलत्याच गोष्टीला, की प्लास्टिकची बंदूक मेटल डिटेक्टरमधून निघून जाईल. अमेरिकेत यावर १९८८ चाच कायदा आहे, घरोघरी थ्रीडी प्रिंटर येण्याच्या कितीतरी आधीचा. बंदुकीत निदान ३.७ औंस, म्हणजे साधारण १०५ ग्रॅम स्टीलइतकं डिटेक्टरला जाणवेल असं काहीतरी असलंच पाहिजे आणि मुख्य भाग एक्स-रेमध्ये ओळखू आले पाहिजेत. हा कायदा मुदतीचा आहे, दर वेळी शेवटच्या घटकेला मुदतवाढ मिळते, आता २०३१ पर्यंत आहे. शिवाय गोळी धातूचीच असते आणि आजच्या बहुतेक प्रिंटेड डिझाइनमध्ये बॅरलपासून स्प्रिंगपर्यंत बरंच काही धातूचंच असतं, पूर्ण प्लास्टिकची बंदूक ही मुख्यतः बातम्यांमधली वस्तू आहे.

ती बातम्यांतली वस्तू म्हणजे लिबरेटर, मे २०१३. टेक्सासच्या डिफेन्स डिस्ट्रिब्युटेड या संस्थेने, म्हणजे तिचा संस्थापक कोडी विल्सनने, एका वेळी एकच गोळी उडवणारं प्लास्टिकचं पिस्तूल बनवून फाईल नेटवर टाकली. त्यात स्टीलचा एक तुकडा बसवायला सांगितला होता, ज्याचं काम फक्त हा १९८८ चा कायदा पाळणं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांनी त्याच महिन्यात स्वतः दोन प्रिंट करून झाडून बघितली, एकाची गोळी चाचणीसाठी ठेवलेल्या जेलीच्या ठोकळ्यात खोलवर गेली आणि दुसरं पिस्तूल झाडतानाच फुटलं, आणि मग पोलीस कमिशनरने पत्रकारांना दाखवून सांगितलं की समोरच्याला मारेल नाहीतर धरणाऱ्याला मारेल. हे मी मुद्दाम सांगतोय कारण आमच्या धंद्यात हा प्रश्न रोजचा आहे. जप्त झालेली वस्तू गोळी झाडू शकते का हे लॅबने सांगायचं असतं, आणि ती फुटायची शक्यता असेल तर तपासनीस ती हातात धरून झाडणार नाही, स्टँडला बांधून लांबून दोरी ओढणार. वस्तू पहिल्याच टेस्टमध्ये फुटली तर ती बंदूक होती की नव्हती यावर पुढे वाद चालतात. बचावाचा वकील म्हणतो हे तर खेळणं निघालं, सरकारी म्हणतो एकदा गोळी सुटली म्हणजे झालं. बहुतेक कायद्यांच्या भाषेत सरकारी बाजू जास्त बसते, कारण व्याख्येत किती वेळा झाडता आली पाहिजे असं कुठे लिहिलेलं नसतं.

आता अमेरिका, कारण सगळे तिथलीच उदाहरणं देतात. तिथे १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टखाली बंदुका बनवण्याचा धंदा करायला लायसन्स लागतं, स्वतःच्या वापरासाठी एक बनवायला केंद्राचं लायसन्सही लागत नाही आणि नंबरही लागत नाही, फक्त तुम्ही बंदूक बाळगायला अपात्र नसायला हवं, म्हणजे फेलनी (गंभीर गुन्हा) वगैरेची शिक्षा झालेले नको, आणि मशीनगन वगैरे खास वर्गातली वस्तू नको. "घरी प्रिंट करणं लीगल आहे" हे वाक्य इथून येतं. पण तिथेही राज्याराज्यात फरक आहे, कॅलिफोर्नियाने २०१६ च्या कायद्याने आधी सरकारकडून नंबर घ्यायचा आणि मग बनवायची अशी अट घातली, आणि न्यू जर्सीने २०१८ मध्ये परवाना नसलेल्या माणसाला अशी फाईल देणंच गुन्हा केलं. केंद्राच्या एटीएफने, म्हणजे बंदुकांवर नजर ठेवणाऱ्या खात्याने, २०२२ मध्ये नियम बदलून अर्धवट बनवलेल्या फ्रेम आणि पार्ट्स किट व्याख्येत ओढले, आणि मार्च २०२५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बोंडी विरुद्ध व्हॅनडरस्टॉक या निकालात ७ विरुद्ध २ ने त्या नियमाला मान्यता दिली. यात एक गोष्ट नीट समजून घ्या, तो नियम मुख्यतः किट विकणाऱ्यांना आणि लायसन्सवाल्या डीलरला पकडतो. डीलरकडे प्रिंट केलेली बिननंबरी बंदूक आली तर त्याने तिच्यावर नंबर घालायचा. घरात बसून स्वतःसाठी प्रिंट करणाऱ्याला तो नियम फारसा शिवत नाही.

फाईलचा विषय सगळ्यात किचकट. लिबरेटर नेटवर आली, दोन दिवसांत लाखभर डाऊनलोड झाले आणि मग अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं पत्र गेलं की काढून टाका. परराष्ट्र खातं कशाला मध्ये? कारण शस्त्रांची तांत्रिक माहिती देशाबाहेर देणं म्हणजे शस्त्र निर्यात, आणि नेटवर टाकलं की परदेशातला माणूस उतरवून घेऊ शकतो, म्हणजे परवान्याशिवाय निर्यात झाली. हुशार युक्तिवाद आहे, पण उलट बाजू म्हणाली की फाईल म्हणजे आमचं बोलणं आहे, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, सरकार आधीच तोंड दाबू शकत नाही. २०१५ ला केस झाली, २०१६ ला अपील कोर्टाने मनाई उठवायला नकार दिला, २०१८ ला सरकारनेच अचानक तडजोड केली आणि समोरच्याला ४० हजार डॉलरच्या आसपास खर्चही द्यायचं कबूल केलं, तेवढ्यात बऱ्याच राज्यांनी सिॲटलच्या कोर्टात जाऊन ती तडजोड थांबवली, २०२० ला हा विषय परराष्ट्र खात्याकडून वाणिज्य खात्याकडे गेला, २०२१ ला अपील कोर्टाने राज्यांना मिळालेली मनाई काढून टाकली. एवढा खटाटोप होऊन मूळ प्रश्न, की अशी फाईल हे भाषण आहे की वस्तू, तिथल्या सुप्रीम कोर्टाने सोडवलेलाच नाही. सध्याचा वाणिज्य खात्याचा नियम असा, की थेट प्रिंटरला किंवा सीएनसीला (कम्प्युटरवर चालणाऱ्या कटाई मशीनला) देता येईल अशा रूपातली बंदुकीच्या फ्रेमची किंवा रिसिव्हरची (लांब बंदुकीतल्या तशाच मुख्य सांगाड्याची) फाईल नेटवर खुली ठेवायची असेल तर निर्यात नियंत्रण लागू. कागदावरचं ड्रॉइंग आणि मशीनला समजणारी फाईल यांच्यात रेघ ओढलीय. मला ती रेघ फार पक्की वाटत नाही, स्लायसर सॉफ्टवेअरमधून डिझाइन काढून मशीनची फाईल बनवायला काही मिनिटं लागतात.

दुसऱ्या देशांनी हे भाषणाचं लचांड न घेता सरळ फाईलवरच कलम लावलं. न्यू साउथ वेल्समध्ये २०१५ पासून थ्रीडी प्रिंटरवर किंवा इलेक्ट्रॉनिक मिलिंग मशीनवर बंदूक बनवायची डिजिटल ब्ल्यूप्रिंट नुसती जवळ बाळगणं गुन्हा आहे, जास्तीत जास्त शिक्षा १४ वर्षं. बनवायचा हेतू सिद्ध करायची गरज नाही. बचाव आहेत, जसं की फाईल आपल्याकडे आहे हे माहीतच नव्हतं, किंवा न मागता आली आणि कळल्याबरोबर काढून टाकली, पण ते सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते. सिंगापूरनेही २०२१ च्या कायद्यात परवानगीशिवाय अशी ब्ल्यूप्रिंट बाळगण्यावर बंदी घातली. कॅनडाने २०२३ अखेरीस सी-२१ कायद्याने दुसरा रस्ता घेतला, तिथे बंदूक बनवण्यासाठी किंवा तस्करीसाठी असा कम्प्युटर डेटा बाळगणं किंवा पसरवणं गुन्हा, जास्तीत जास्त १० वर्षं. तो "साठी" महत्त्वाचा आहे. पोलिसांना हेतू दाखवावा लागतो.

मला विचाराल तर कॅनडाचा मसुदा चांगला आहे, आणि हे मी आरोपींचा वकील म्हणून बोलत नाहीये. नुसत्या फाईलवर गुन्हा ठेवला की त्यात पत्रकार येतो, संशोधक येतो, लॅबचा माणूस येतो, आणि हजारो मॉडेल्सचं मोठं पॅकेज एकदम उतरवून घेणारा कॉलेजचा पोरगा येतो ज्याने आतलं सगळं कधी उघडूनही बघितलेलं नसतं. आणि ज्याला खरंच बनवायची आहे त्याच्याकडे हेतूचा पुरावा जवळजवळ नेहमीच सापडतो. प्रिंटरच्या मेमरी कार्डवर जुन्या प्रिंटच्या फाईली तशाच पडलेल्या असतात, पुष्कळ स्लायसर त्या फाईलमध्येच सेटिंग आणि छोटं प्रिव्ह्यू चित्र घालून ठेवतात, त्यामुळे नाव बदलून "ब्रॅकेट फिक्स" असं ठेवलं तरी चित्रात फ्रेम दिसते. कचऱ्याच्या पिशवीत बिघडलेले प्रिंट असतात. स्प्रिंग मागवल्याचे ईमेल असतात. पंचनामा नीट झाला तर हेतू शोधायला फार लांब जावं लागत नाही, अडचण पंचनामा नीट होत नाही ही आहे. कार्ड जप्त करताना सील केलं नाही, लॅपटॉपची हॅश व्हॅल्यू, म्हणजे आतल्या माहितीचा डिजिटल ठसा, काढली नाही, अर्धवट प्रिंट "प्लास्टिकचा तुकडा, काळा" एवढंच लिहून पाकिटात टाकला, अशा गोष्टींवर केस ढिली पडते.

भारतात फाईलबद्दल वेगळं नावानिशी कलम नाही. म्हणून ती बाळगणं बिनधोक असं समजू नका. फाईलबरोबर साहित्य, प्रिंटर, चॅट सापडलं तर प्रयत्न, कट, अपप्रेरणा यांची कलमं आहेतच, आणि शस्त्रांचं तंत्रज्ञान बाहेर देशात देणं स्कोमेट यादीखाली, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या सरकारी यादीखाली, येऊ शकतं, तिच्या सहाव्या वर्गात लष्करी वस्तू आणि त्यांचं सॉफ्टवेअर, तंत्रज्ञान आहे.

सगळ्यात मोठा धोका मात्र पूर्ण बंदुकीत नाहीये, छोट्या भागात आहे. अमेरिकेत ग्लॉक स्विच म्हणून जो प्रकार आहे तो नाण्याएवढा तुकडा असतो आणि साध्या पिस्तुलाला एका दाबात सलग गोळ्या झाडणारं करतो. तिथल्या कायद्यात मशीनगनच्या व्याख्येत असं रूपांतर करण्यासाठीच बनवलेला भाग हा स्वतःच मशीनगन धरलाय, पिस्तूल जवळ असो नसो, शिक्षा १० वर्षांपर्यंत. घरच्या स्वस्त प्रिंटरवर असे तुकडे निघतात, आणि विकणारे त्याला कीचेन, हूक अशी नावं देतात. कायदा इथे शहाणा होता, भागालाच पकडलं. युरोपनेही २०१७ पासून बॅरल, फ्रेम, रिसिव्हर, स्लाईड असे आवश्यक भाग बंदुकीच्याच पंगतीत बसवले. पण मग २०२० मध्ये एका जर्मन डिझायनरने मुद्दाम असं डिझाइन सोडलं ज्याला बाजारातला एकही नियंत्रित भाग लागत नाही, एफजीसी-९ नावाचं, आणि ते म्यानमारच्या बंडखोरांपर्यंत पोचलं. म्हणजे भागांची यादी कितीही लांब केली तरी डिझाइन करणारा ती यादी वाचूनच बसतो. म्हणून मी नेहमी म्हणतो की दारूगोळ्याकडे बघा. प्रायमर (काडतुसाची ठिणगी पाडणारी टोपी) आणि गोळीची दारू प्रिंट होत नाही, आणि जिथे गोळ्यांचं रजिस्टर कडक आहे तिथे प्रिंटेड बंदूक पुष्कळदा शोभेचीच राहते.

मशीनलाच आवर घाला अशी मागणी पण जोरात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका आरोग्य विमा कंपनीच्या प्रमुखाचा खून झाला, संशयिताकडची बंदूक प्रिंटेड असल्याचं पोलिसांनी सांगितलं, आणि २०२५ मध्ये मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनी क्रिएलिटी या प्रिंटर कंपनीला पत्र लिहिलं की तुमच्या मशीनमध्येच बंदुकीचे भाग ओळखून थांबवणारं सॉफ्टवेअर घाला. उदाहरण देतात फोटोकॉपी मशीनचं, जे नोट ओळखून कॉपी काढत नाही. तिथे मला पटत नाही. नोटेवर ठरलेला नक्षीचा ठसा असतो, मशीन तो शोधतं. बंदुकीच्या भागावर असला ठसा नसतो, नळी म्हणजे नळी, ती पाण्याची आहे की बॅरल हे आकारावरून कळत नाही, भाग थोडा तिरका केला, दोन तुकड्यांत कापला की ओळख संपली, आणि पुष्कळ प्रिंटर खुल्या फर्मवेअरवर, म्हणजे कोणालाही बदलता येणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरवर, चालतात. मॉडेल शेअर करणाऱ्या साइटवर आणि ऑनलाइन प्रिंटिंग सर्व्हिसवर अशी छाननी मात्र उपयोगाची आहे, तिथे माणूस बघू शकतो आणि ऑर्डरची नोंद राहते.

प्रिंटिंग सर्व्हिस चालवणाऱ्यांना म्हणून एवढंच सांगतो. गिऱ्हाईकाने पाठवलेला भाग कशाचा आहे हे विचारायची सवय लावा आणि उत्तर लेखी घ्या, ट्रिगर, ग्रिपच्या आतली फ्रेम, सायलेन्सरसारखी कप्प्याकप्प्यांची नळी असं काही दिसलं तर सरळ नाही म्हणा. आवाज कमी करणारी नळी हा वेगळा गुन्हा असू शकतो हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. न मागता कोणी अशी फाईल पाठवली तर ती पुढे कोणालाच पाठवू नका, "हे बघ काय आलं" म्हणून मित्रालाही नाही, आणि प्रकरण गंभीर वाटलं तर डिलीट करायच्या आधी वकिलाला फोन करा, कारण घाईत पुसलेली फाईल नंतर पुरावा नष्ट केल्यासारखी दिसते.

आणि प्रॉप. कॉस्प्ले, नाटक, शॉर्ट फिल्मसाठी प्रिंट करणाऱ्यांचे प्रश्न सगळ्यात जास्त येतात. भरीव ठोकळा, नळी आरपार नाही, आत हलणारा एकही भाग नाही, तर ती बहुतेक ठिकाणी बंदूक होत नाही, पण म्हणून मोकळे सुटलात असं नाही. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक बनवणं आणि विकणं हाच गुन्हा आहे, नाटक-सिनेमासारख्या कामांना सूट आहे पण ती तुम्ही दाखवायची असते, आणि भडक रंगाची किंवा पारदर्शक असेल तर प्रश्न येत नाही. त्यामुळे नारंगी किंवा निऑन हिरव्या फिलामेंटमध्ये काढा, प्रोजेक्टचं पत्र जवळ ठेवा, आणि चालू बंदुकीची फाईल उतरवून "आतला भाग काढून टाकतो" असं करू नका, मुळातच प्रॉप म्हणून बनवलेलं मॉडेल घ्या. काळ्या रंगाचा हट्ट असेल तर शूटिंगच्या दिवशी सेटवरच रंगवा आणि रस्त्याने नेताना बंद डब्यात न्या.